कुस्तीचे मैदान : इनाम लाखाचे, मल्लाच्या हाती किती?

मारुंजी (ता. मुळशी) : व्यापार-उद्योगाच्या पानावर कुस्तीचे काय काम, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. परंतु ज्यांनी यात्रेतले एखादे मोठे मैदान जवळून पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे की हौद्यात दोन मल्ल लढत असतात तेव्हा हौद्याबाहेर मोठी उलाढाल चालू असते. मंडपवाला, ध्वनिक्षेपकवाला, हलगीवाले, फेटेवाला, छापखाना, खेळण्यांची आणि भज्यांची दुकाने अशी कितीतरी घरे त्या एका दिवसावर चालतात. या सर्वांचा हिशेब संध्याकाळी चुकता होतो. मग ज्याच्या नावावर गर्दी जमली त्या पैलवानाचा हिशेब काय होतो? आजच्या लेखाचा विषय हाच आहे.

हा विषय मारुंजीहून मांडण्यास कारण आहे. हिंजवडीच्या आयटी पार्कला लागून असलेले हे गाव मुळशी तालुक्यातले आणि मुळशी हा पैलवानांचा तालुका. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेचे संस्थापक मामासाहेब मोहोळ याच तालुक्यातील मुठा गावचे. २०२५ साली अहिल्यानगर येथे महाराष्ट्र केसरी झालेले पृथ्वीराज मोहोळ हेही मुठ्याचेच. २०१७ ची महाराष्ट्र केसरी स्पर्धा याच तालुक्यात भूगावला झाली आणि अभिजित कटके यांनी गदा उचलली. जानेवारी २०२० ची स्पर्धा हिंजवडीपासून जवळच बालेवाडीच्या क्रीडासंकुलात झाली, त्यात हर्षवर्धन सदगीर विजयी झाले. पलीकडे भोसरीत नरसिंग यादव यांनी सलग तिसऱ्यांदा हा किताब मिळवला. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत कामाला आलेले सोलापूर, लातूर, बीडकडचे तरुण येथे भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्यांतल्या अनेकांनी गावाकडे लंगोट बांधलेला असतो.

जोड लावणे हेच खरे भांडवल

मैदानाची जाहिरात कशी असते ते पाहा. ‘भव्य निकाली कुस्त्यांचे जंगी मैदान’ असा मथळा, खाली एक नंबरची कुस्ती, दोन नंबरची, तीन नंबरची, प्रत्येकीसमोर दोन मल्लांची नावे, त्यांच्या तालमी, वस्तादांची नावे आणि इनामाचा आकडा. इनाम कोणाकडून, हेही नावानिशी छापलेले असते. दुपारी लहान मुलांच्या रेवड्यांवरच्या आणि नारळावरच्या कुस्त्यांनी सुरुवात होते, मग शंभर-पाचशेच्या कुस्त्या लागतात आणि दिवस मावळताना लाखाची कुस्ती सलामीला येते.

या सर्व व्यवहारात पैसा ओढते ती जोड. कोणाशी कोण लढणार यावर गर्दी ठरते, गर्दीवर वर्गणी आणि देणगीदार ठरतात. जगभर मोठ्या कुस्त्यांचा धंदा याच एका तत्त्वावर उभा राहिला आहे. ज्या मैदानांनी इतिहास घडवला त्यांच्याकडे या दृष्टीने पाहिले तर बरेच शिकण्यासारखे आहे.

लंडन १९१०, कोल्हापूर १९१२

१९१० साली गामा पैलवान लंडनला गेले ते बंगालमधील धनिक शरदकुमार मित्र यांच्या खर्चाने. उंची कमी म्हणून तेथील स्पर्धेत त्यांना प्रवेश मिळेना. तेव्हा त्यांच्या व्यवस्थापकाने नाट्यगृहातून आव्हान जाहीर केले की पाच मिनिटे गामासमोर टिकून दाखवा आणि पाच पौंड घेऊन जा. आजच्या भाषेत ही जाहिरातबाजी होती आणि ती लागू पडली. १० सप्टेंबर १९१० रोजी पोलंडच्या झ्बिस्को यांच्याशी २५० पौंडांच्या इनामावर कुस्ती लागली. झ्बिस्को अडीच तासांहून अधिक काळ जमिनीला चिकटून राहिले आणि कुस्ती बरोबरीत सुटली. पुढच्या आठवड्यात ते मैदानात आलेच नाहीत व किताब गामांना मिळाला. १९२८ मध्ये पतियाळाला हीच जोड पुन्हा लागली, तेव्हा गामांनी मिनिटभराच्या आत त्यांना अस्मान दाखवले.

त्याच काळात कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराज खासबाग मैदान बांधत होते. रोमचे प्राचीन क्रीडागार पाहून आलेल्या महाराजांनी जमिनीत खोलगट, चहूबाजूंनी उतरती बैठक असलेले मैदान उभारले. सुमारे तीस हजार लोक बसले तरी शेवटच्या माणसाला हौदा दिसावा, ही त्यामागची दृष्टी. १९१२ मध्ये मैदानाची पहिली मोठी कुस्ती लागली ती गामांचे बंधू इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची, आणि इमामबक्ष यांनी ती जिंकली. महाराष्ट्राच्या कुस्तीच्या पंढरीचे उद्घाटन दोन मुस्लिम मल्लांच्या लढतीने झाले, ही गोष्ट आपल्या तरुणांना माहीत असावी. पुढेही हे नाते टिकले. फाळणीनंतर नसीर पंजाबी, गोगा पंजाबी, सादिक पंजाबी यांसारख्या मल्लांनी महाराष्ट्राची मैदाने गाजवली आणि गणपत आंदळकरांसारख्या हिंदकेसरीशी त्यांच्या लढती झाल्या. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवताना डाव पाहिला, जात-धर्म पाहिला नाही.

शाहू महाराजांच्या काळात मल्लाचा खुराक दरबाराकडे असे. संस्थाने गेली आणि तो आधार तुटला. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी खाशाबा जाधवांना लोकवर्गणी काढावी लागली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक अशा उसनवारीवर आले.

मुंबईचे फ्रीस्टाइल आणि हमीदा बानू

मुंबईचा रंग निराळा होता. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर तिकीट लावून फ्रीस्टाइल कुस्त्या होत. किंगकाँग, दारासिंग ही नावे भिंतीवरच्या जाहिरातीत दिसली की तिकिटे खपत. २९ मे १९६८ रोजी मुंबईतच दारासिंग यांनी अमेरिकेच्या लू थेझ यांना हरवून जागतिक विजेतेपद मिळवले. दारासिंग यांची हुशारी अशी की त्यांनी कुस्तीतले नाव चित्रपटात वटवले आणि उतारवयाची सोय वेळीच करून ठेवली.

हमीदा बानू यांची कथा याच्या उलट आहे. उत्तर प्रदेशातून आलेल्या या मुस्लिम महिलेने चाळीस-पन्नासच्या दशकांत पुरुष मल्लांना आव्हान दिले. १९५४ साली बडोद्याला बाबा पहिलवान यांना त्यांनी १ मिनिट ३४ सेकंदांत हरवले. मुंबईत रशियाच्या वेरा चिस्तिलिन यांना मिनिटाच्या आत पाडले. त्यांचे वजन, त्यांचा खुराक, रोजचे दूध आणि मटण यांच्या बातम्या वर्तमानपत्रे चवीने छापत. कोल्हापुरात मात्र पुरुषाला हरवल्यावर प्रेक्षकांनी त्यांच्यावर दगडफेक केली आणि पुण्यातील एक कुस्ती विरोधामुळे रद्द झाली. आयुष्याच्या उत्तरार्धात कल्याणला दूध विकून त्या गुजराण करीत. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले. ज्यांच्या नावावर हजारोंची तिकिटे खपली, त्यांच्याजवळ म्हातारपणी त्यातले फारसे काही उरले नव्हते. मार्च २०२३ मध्ये सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी यांनी ती जिंकली. हमीदा बानूंच्या नशिबी तो मान नव्हता.

अमेरिकेने धंदा कसा केला?

३१ मार्च १९८५ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पहिला ‘रेसलमेनिया’ झाला. गायक, नट आणि खुद्द मुहम्मद अली यांना पंच म्हणून आणून विन्स मॅकमहन यांनी कुस्ती न पाहणारा गिऱ्हाईकही ओढला. सभागृहात सुमारे १९ हजार प्रेक्षक होते, पण खरी कमाई गावोगावच्या पडद्यांवर थेट प्रक्षेपण दाखवून झाली. दोनच वर्षांनी मिशिगनच्या पाँटियाक येथे हल्क होगन आणि आंद्रे द जायंट यांच्या लढतीला ९३,१७३ प्रेक्षक आल्याचे आयोजकांनी जाहीर केले. हा आकडा फुगवलेला आहे, असे अनेक अभ्यासक म्हणतात.

१९८९ मध्ये याच कंपनीने न्यू जर्सी राज्यात सांगून टाकले की आमची कुस्ती ही स्पर्धा नसून करमणूक आहे, तेव्हा क्रीडा आयोगाचे नियम आणि कर आम्हाला लावू नका. म्हणजे निकाल आधीच ठरलेला असतो हे त्यांनी स्वतःच मान्य केले. आपल्याकडे याला नुरा कुस्ती म्हणतात. तिकडे ती उघड आहे, तेवढा प्रामाणिकपणा म्हणावा. आता या कंपनीने आपल्या साप्ताहिक कार्यक्रमाचे हक्क दहा वर्षांसाठी पाच अब्ज डॉलरहून अधिक रकमेला विकले आहेत. २०१८ पासून सौदी अरबस्तानात तिचे मोठे कार्यक्रम होत आहेत आणि २०२७ चा रेसलमेनिया रियाधला होणार असल्याचे जाहीर झाले आहे.

यातून घ्यायचे काय? ढोंग घेऊ नये. कुस्ती एका दिवसाची असली तरी तिचे चित्रण, तिचे नाव, तिची जाहिरात वर्षभर विकता येते, हे मात्र शिकावे. आपल्या यात्रांतील मैदानांचे चित्रण आज लाखो लोक मोबाइलवर पाहतात. त्यातून मिळणारा पैसा चित्रण करणाऱ्याकडे जातो. ज्याच्या डावामुळे ते पाहिले गेले त्याचा त्यात वाटा असावा, ही साधी गोष्ट अजून कोणी लिहून घेत नाही.

गदा चांदीची, पण रोख?

१९६१ मध्ये औरंगाबादला पहिली महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीचे दिनकर दह्यारी विजेते ठरले. माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता यांच्यात शेवटची लढत होते. विजेत्याला मोहोळ कुटुंबाकडून मामासाहेबांच्या स्मरणार्थ गदा दिली जाते. गदेच्या आत लाकूड असते, वर चांदीचा पत्रा. मान फार मोठा आहे, पण मानावर घर चालत नाही.

एप्रिल २०२२ मध्ये सातारला पृथ्वीराज पाटील महाराष्ट्र केसरी झाले. गदा मिळाली पण बक्षिसाची रोख रक्कम मिळाली नाही, अशी खंत त्यांनी त्या वेळी जाहीरपणे मांडली. पुढच्याच स्पर्धेत, जानेवारी २०२३ मध्ये कोथरूडला, चित्र बदलले. विजेते शिवराज राक्षे यांना थार गाडी व रोख पाच लाख, उपविजेते महेंद्र गायकवाड यांना ट्रॅक्टर व अडीच लाख. त्याच व्यासपीठावरून राज्य सरकारने हिंदकेसरी व महाराष्ट्र केसरी मल्लांचे मानधन चार हजारांवरून १५ हजार आणि वृद्ध मल्लांचे अडीच हजारांवरून साडेसात हजार करण्याची घोषणा केली.

याच स्पर्धेत माती विभागाच्या अंतिम लढतीत मोहोळच्या सिकंदर शेख यांच्याविरुद्ध दिलेल्या चार गुणांवरून मोठा वाद झाला. त्यांचे वडील हमाली करीत आणि स्वतः कुस्तीचे शौकीन. कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत घडलेल्या सिकंदर यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये फुलगावला शिवराज राक्षे यांना अर्ध्या मिनिटाच्या आत चितपट केले आणि गदा उचलली. २०१८ मध्ये जालन्याला बाला रफिक शेख यांनी अभिजित कटके यांना हरवून हाच किताब मिळवला होता. दक्षिण सोलापुरातील बोरामणीच्या शेख घराण्यात तर इस्माईल (१९८०), अप्पालाल (१९९२) आणि मुन्नालाल (२००२) असे तीन महाराष्ट्र केसरी झाले. २००५ मध्ये सय्यद चाऊस होते. सोलापूरच्या कोरडवाहू भागातील गरीब मुस्लिम घरांनी राज्याला इतके मल्ल दिले, ही अभिमानाची बाब आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला मात्र पंचांच्या निर्णयावरून गोंधळ झाला. शिवराज राक्षे यांनी पंचाला लाथ मारली, महेंद्र गायकवाड अंतिम लढत अर्धवट टाकून निघून गेले आणि परिषदेने दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर केली. महिनाभरानंतर दुसऱ्या गटाने कर्जतला वेगळी महाराष्ट्र केसरी भरवली, तिचे विजेते वेताळ शेळके. एका नावाच्या दोन पेढ्या एकाच बाजारात उघडल्या की गिऱ्हाईक दोन्हींकडे संशयाने पाहते, हे कोणत्याही दुकानदाराला सांगावे लागत नाही. किताबाची किंमत त्याच्या एकमेव असण्यात आहे. ती घसरली तर तोटा मल्लाचा.

प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी अरबस्तानातील नामांकित मल्ल रुकाना यांच्याशी कुस्ती केल्याची रिवायत प्रसिद्ध आहे. आणि समोरच्याला पाडणाऱ्यापेक्षा रागाच्या वेळी स्वतःला आवरणारा खरा बलवान, ही त्यांची शिकवणही सर्वांना ठाऊक आहे. लाल मातीत उतरणाऱ्या प्रत्येकाने ती मनात ठेवावी. पंचांनीही लक्षात घ्यावे की त्यांच्या एका चुकीच्या इशाऱ्यावर एखाद्या घराची दहा वर्षांची मेहनत वाया जाते.

खुराकाचा ताळेबंद

आता पैलवानाच्या घरचा हिशेब मांडू. दूध, तूप, बदाम, अंडी, मटण, फळे, थंडाई या सर्वांचा खर्च रोजचा ५०० रुपये धरू. महागाईत हा आकडा कमीच आहे. महिन्याचे झाले १५ हजार, वर्षाचे एक लाख ८० हजार. पंधराव्या वर्षी तालमीत गेलेला मुलगा पंचविसाव्या वर्षापर्यंत लढला तर १८ लाख रुपये केवळ खाण्यात गेले. तालमीची फी, प्रवास, दुखापतीचे उपचार वेगळे. सरकारचे जाहीर झालेले १५ हजारांचे मानधन म्हणजे महिन्याचा खुराक, आणि तोही किताब मिळाल्यावर. किताब वर्षाला एकालाच मिळतो. बाकीच्यांच्या बापाने जमीन विकलेली असते किंवा भावाने कारखान्यात जादा पाळी केलेली असते.

उत्पन्नाची बाजू यात्रांच्या हंगामावर अवलंबून. हिंजवडी, वाकड, मारुंजी भागात जमिनीला सोन्याचे भाव आले तसे या पट्ट्यात इनामाचे आकडेही वाढले. पण फलकावर छापलेले इनाम निकाली कुस्तीचे असते. कुस्ती बरोबरीत सुटली तर रक्कम वाटली जाते किंवा कापली जाते. कधी देणगीदार आकडा जाहीर करतो आणि पैसे द्यायला वर्ष लावतो. दुखापत झाली तर तो हंगाम संपला. गुडघा गेला तर कारकीर्द संपली.

म्हणूनच नोकरी हा मल्लाचा खरा किताब ठरतो. नरसिंग यादव आणि विजय चौधरी पोलीस दलात उपअधीक्षक झाले. परंतु अशा जागा मोजक्या. मोठ्या नावांचेही शेवट पाहा. गामांसारख्या रुस्तुमे-जमाँला लाहोरमध्ये आजारपणात मदतीवर दिवस काढावे लागले. हिंदुस्थानातून घनश्यामदास बिर्ला यांनी त्यांना पैसे पाठवल्याचे सांगितले जाते.

काही व्यवहारी सूचना

मल्लांच्या पालकांना आणि वस्तादांना आमच्या चार सूचना आहेत. पहिली, मैदान घेताना इनाम, बरोबरीत सुटल्यास मिळणारी रक्कम, प्रवासखर्च आणि पैसे देण्याची तारीख साध्या कागदावर लिहून घ्यावी. देवाणघेवाण लिहून ठेवण्याची आज्ञा आपल्याला धर्मानेच दिली आहे, त्यात कोणाचा अपमान नाही. दुसरी, मल्लाच्या नावाने बँकेत खाते असावे आणि प्रत्येक इनामातील ठराविक हिस्सा त्यात पडावा. फेटा आणि मिरवणुकीत बक्षीस उडवू नये. तिसरी, दुखापतीच्या उपचाराची तरतूद कमिटीने वर्गणीतूनच बाजूला काढावी. मंडपाचा खर्च धरला जातो, तसा हाही धरावा. चौथी, तालमीबरोबर आयटीआय किंवा एखादा व्यवसाय शिकवावा. चाकणच्या पट्ट्यात वेल्डर, फिटर, क्रेनचालकाला काम आहे. पहाटे जोर-बैठका काढणारा मुलगा दुपारी मशीनवर उभा राहिला तर त्याची कुस्ती कमी होत नाही.

इनाम आणि पैज यांतला फरकही पाळावा. तिसऱ्या माणसाने खुशीने दिलेले इनाम ही कष्टाची कमाई आहे. दोन मल्लांनी किंवा प्रेक्षकांनी हार-जितीवर लावलेला पैसा हा जुगार आहे, आणि जेथे जुगार शिरतो तेथे नुरा कुस्ती मागोमाग येते. मैदानाची पत त्यानेच संपते.

आपल्या व्यापाऱ्यांनाही येथे वाव आहे. सुकामेवा, दुग्धपदार्थ, मटण, व्यायामाचे साहित्य, छपाई, मंडप या सर्व व्यवसायांत आपली माणसे आहेत. दहा दुकानदारांनी मिळून एका होतकरू मल्लाचा वर्षाचा खुराक उचलला तर वरच्या हिशेबाने प्रत्येकाला महिन्याला दीड हजार रुपये पडतील. मैदानाच्या फलकावर एक दिवस नाव छापण्यासाठी यापेक्षा जास्त रक्कम जाते. फलक दुसऱ्या दिवशी उतरतो, मल्ल मात्र दहा वर्षे लढतो. मुलगा कोणत्या समाजाचा हे पाहू नये. शाहू महाराजांनी पाहिले नव्हते आणि खासबागच्या प्रेक्षकांनीही नाही.

शरीर ही अल्लाहची अमानत आहे आणि कष्टाची भाकर ही इबादत आहे. ज्या मुलांनी मातीत घाम गाळला त्यांच्या घामाचा मोबदला वेळेवर आणि पुरता मिळावा, एवढीच मागणी आहे. येत्या यात्रांच्या हंगामात निदान एका कमिटीने तरी हिशेबाचा कागद करून सुरुवात करावी.